रस्ता बंद: कशासाठी, कुणासाठी आणि कुणाला विचारून?

आजच्या विषयाची सुरुवात एका पाटीपासून करू. पाटीवर दोनच शब्द असतात, 'रस्ता बंद'. समजा, शहरातला एखादा रस्ता रविवारी सकाळी तीन तास वाहनांना मना केला. तिथं मुलं सायकली फिरवू लागली, म्हातारी माणसं मधोमध गप्पा मारत चालू लागली, कुणी रांगोळी काढली, कुणी लेझीम खेळलं. तरी रस्त्याच्या तोंडाशी बॅरिकेडवर पाटी तीच असते, आणि वर्तमानपत्रातली बातमीही तीच, की अमुक रस्ता सकाळी सात ते दहा बंद. आता बघा, त्या तीन तासांत तिथं एरवीपेक्षा जास्त माणसं आलेली असतात. तरी तो 'बंद'. आणि सोमवारी तिथंच एखाद्या आजी पिशवी सावरत, पलीकडे जायला मिळेल का म्हणून दहा मिनिटं उभ्या असतात, तेव्हा मात्र तो रस्ता 'सुरू'!

आम्ही आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं. शब्दांवर संशय घेण्याची खोड त्यातूनच जडली, ती निवृत्तीनंतरही गेलेली नाही. 'बंद' आणि 'सुरू' हे शब्द रस्त्याचं वर्णन करत नाहीत, ते बोलणारा कुठे बसला आहे ते सांगतात. बोलणारा स्टिअरिंगमागे बसलेला असला की रस्ता बंद, तोच पायी असला की रस्ता उघडा. आपली सगळी सरकारी भाषा, सगळ्या बातम्या स्टिअरिंगमागून बोलतात. आजच्या व्याख्यानात आपण रस्ते काही तासांपुरते वाहनमुक्त करण्याच्या उपक्रमांची समीक्षा करणार आहोत. समीक्षा करायची म्हणजे गोष्ट नीट पारखायची. या उपक्रमांवर आमचं प्रेम आहे, म्हणून पारख जरा कडक होईल.

मराठीकडे आधी पाहू. आपल्या भाषेत रस्त्याला किती शब्द आहेत! वाट, मार्ग, सडक, गल्ली, बोळ, आळी, पेठ. त्यातले आळी आणि पेठ हे शब्द तर जाण्याचे नाहीतच, राहण्याचे आहेत. 'लाईन आळीत राहतो' असं आपण म्हणतो, 'लाईन आळीतून राहतो' असं नाही. चार वाटा मिळतात तो चव्हाटा, आणि 'चव्हाट्यावर आणणं' म्हणजे सर्वांसमोर मांडणं. अन्याय झाला की माणसं 'रस्त्यावर उतरतात'. संसार मोडला की माणूस 'रस्त्यावर येतो'. म्हणजे मराठी माणसाच्या लेखी रस्ता हे राहण्याचं, भेटण्याचं, भांडण्याचं आणि शेवटी उघडं पडण्याचं ठिकाण आहे. जाण्या-येण्याचं तर आहेच. यातला जाण्या-येण्याचा एकच अर्थ आपण ठेवला, आणि त्यातही गाडीने जाण्याचा. बाकीचे अर्थ कुठे गेले, हा आजचा प्रश्न.

पनवेलमध्ये हा प्रश्न विचारायला विशेष कारण आहे. पनवेल हे इतरांच्या वाटेतलं गाव आहे. बंदर होतं तेव्हा माल इथं उतरायचा आणि घाटाकडे जायचा. मुंबई-पुणे रस्ता इथून गेला, मुंबई-गोवा महामार्गाची सुरुवात इथं, द्रुतगती मार्गाचं तोंड शेजारी कळंबोलीला. जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतू सुरू झाला, ऑक्टोबर २०२५ मध्ये नवी मुंबईच्या विमानतळाचं उद्घाटन झालं. हे सगळं आपल्या उंबऱ्याशी. कोकणात जाणारा चाकरमानी पनवेलच्या एसटी स्टँडवर चहा पितो आणि पुढं जातो. ज्या गावातून सगळं जग जातं त्या गावाच्या रस्त्यांवर गावातल्या माणसाचा हक्क किती, हे कुणी विचारत नाही. १८५२ सालची नगरपालिका असलेलं हे गाव. १ ऑक्टोबर २०१६ रोजी महानगरपालिका झाली आणि खारघर, कामोठे, कळंबोली, तळोजा यांच्यासह २९ गावं त्यात आली. म्हणजे एकाच महापालिकेत दोन प्रकारचे रस्ते आले. एकीकडे सिडकोने आखलेले रुंद रस्ते, दुसरीकडे जुन्या पनवेलमधले कापड बाजाराचे, टिळक रोडचे, उरण नाक्याकडे जाणारे अरुंद रस्ते. हा फरक लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

आता या उपक्रमांचा थोडा इतिहास. जगात याचं ठळक उदाहरण कोलंबियातल्या बोगोटा शहराचं. तिथं १९७४ साली सुरुवात झाली. आज दर रविवारी आणि सुट्टीच्या दिवशी सकाळी सात ते दुपारी दोन, शंभर किलोमीटरहून अधिक रस्ते सायकली आणि पायी माणसांसाठी मोकळे असतात. भारतात नोव्हेंबर २०१३ मध्ये गुडगावला 'राहगिरी' सुरू झालं. नोव्हेंबर २०१४ मध्ये मुंबईत वांद्रे-सांताक्रूझ पट्ट्यात 'इक्वल स्ट्रीट्स' झालं, ते फार काळ टिकलं नाही. मार्च २०२२ मध्ये मुंबईच्या तत्कालीन पोलीस आयुक्तांनी 'संडे स्ट्रीट्स' सुरू केलं, मरीन ड्राइव्हसह काही रस्ते रविवारी सकाळी मोकळे झाले. पुण्यात कॅम्पातल्या महात्मा गांधी रस्त्यावर एके काळी शनिवार-रविवारी 'वॉकिंग प्लाझा' असे. आणि २०२१ पासून पुणे महापालिका ११ डिसेंबर हा पादचारी दिन म्हणून पाळते, त्या दिवशी लक्ष्मी रस्त्याचा गर्दीचा भाग वाहनांना बंद असतो.

ही यादी ऐकून आपल्याला बरं वाटलं असेल. पण तिच्यात एक गोष्ट खटकते का, बघा. बोगोटात पन्नास वर्षं, दर रविवारी. आपल्याकडे कुठे वर्षातून एक दिवस, कुठे काही महिने, कुठे एखादा अधिकारी खुर्चीवर आहे तोवर. असं का होतं? आमच्या मते आपण तीन प्रश्न विचारत नाही म्हणून होतं. कशासाठी, कुणासाठी आणि कुणाला विचारून. एकेक घेऊ.

पहिला प्रश्न, कशासाठी? रस्ता मोकळा करण्याची दोन वेगळी कारणं असू शकतात आणि आपण त्यांची गल्लत करतो. एक कारण विरंगुळ्याचं. आठवडाभर दमलेल्या माणसाला तीन तास मोकळं वाटावं. दुसरं कारण प्रयोगाचं. हा रस्ता वेगळा असू शकतो का, हे तपासून पाहायचं. दोन्ही कारणं चांगली आहेत. पण विरंगुळा यशस्वी झाला की लोक म्हणतात 'मजा आली' आणि घरी जातात. प्रयोग यशस्वी झाला तर सोमवारी काहीतरी बदलावं लागतं. आपण प्रयोग म्हणून जाहीर करतो आणि विरंगुळा म्हणून पार पाडतो. स्टेज उभं राहतं, ध्वनिवर्धक लागतात, झुंबा होतो, प्रायोजकाचा फुगा वर लटकतो, पाहुण्यांचं भाषण होतं. माणसं रस्त्यावर येतात खरी, पण रस्त्याकडे पाहत नाहीत, स्टेजकडे पाहतात. मग आम्ही विचारतो, हे मैदानात का केलं नाही? जो कार्यक्रम मैदानात जसाच्या तसा होऊ शकतो, त्याच्यासाठी रस्ता अडवण्याचं कारण उरत नाही.

रशियन विचारवंत मिखाईल बाख्तीन याने मध्ययुगीन युरोपातल्या जत्रांबद्दल लिहिलं आहे. जत्रेच्या दिवसांत राजा-रंक, धर्मगुरू-विदूषक अशी उतरंड काही काळ उलटीपालटी होते, आणि त्या काळात माणसांना दुसऱ्या जगाची चव मिळते, असा त्याचा आशय. त्यावर टीकाकारांनी घेतलेला आक्षेपही तितकाच महत्त्वाचा आहे. ते म्हणतात, अशी परवानगीने केलेली उलथापालथ ही कुकरच्या शिट्टीसारखी असते. वाफ निघून जाते आणि आतला दाब पुन्हा चढायला मोकळा होतो. रविवारचा रस्ता आपल्याकडे शिट्टी झाला आहे का, हे प्रामाणिकपणे विचारलं पाहिजे. तपासायची कसोटी सोपी आहे. सोमवारी काय शिल्लक राहिलं? एक पदपथ मोकळा झाला का? एक झेब्रा पट्टी रंगवली गेली का? सिग्नलवर पायी माणसाला पाच सेकंद जास्त मिळाले का? काहीच नसेल, तर झालेला कार्यक्रम चांगला होता, एवढंच म्हणावं. बदल झाला, असं म्हणू नये.

सोमवार इतका महत्त्वाचा का? केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या आकडेवारीनुसार २०२२ साली भारतात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं मेली. त्यांतली ३२,८२५ पायी चालणारी होती. म्हणजे दररोज सुमारे ९०. हे आकडे रविवारच्या तीन तासांतले नाहीत. ते सोमवारचे, मंगळवारचे, संध्याकाळी सातचे, भाजी आणायला निघालेल्या माणसांचे आहेत. आमच्या वयाची माणसं इथं बरीच बसली आहेत. गुडघा दुखतो म्हणून आपण घराबाहेर पडत नाही असं आपण घरच्यांना सांगतो. खरं कारण निम्म्या वेळा रस्ता असतो. म्हातारा माणूस रस्त्याला भिऊन घरात बसला की त्याचं जग खिडकीएवढं होतं. हे मरण कुठल्याही आकडेवारीत येत नाही.

दुसरा प्रश्न, कुणासाठी? इथं आम्ही तुम्हाला पूर्वेकडे बघायला सांगतो. पनवेलहून डोंगर दिसतो तो माथेरानचा. आपल्याच रायगड जिल्ह्यात. मोटारगाड्या दस्तुरी नाक्याला थांबतात, पुढं पायी किंवा घोड्यावर. २००३ साली केंद्र सरकारने हा परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर केला. वाहनमुक्त गाव म्हणून आपण माथेरानचं कौतुक करतो आणि ते रास्तच आहे. पण त्या लाल मातीच्या चढावर हातरिक्षा ओढणारा माणूस तुम्ही पाहिला आहे ना? इंजिन गेलं आणि ओझं माणसाच्या छातीवर आलं. त्या रिक्षा ओढणाऱ्यांनीच न्यायालयात धाव घेतली, की आम्हाला ई-रिक्षा चालवू द्या. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने माणसाने माणसाला ओढण्याची ही प्रथा अमानवी ठरवली आणि सहा महिन्यांत ती बंद करायला सांगितलं.

यात एक मोठा धडा आहे. वाहन काढलं म्हणजे ओझं नाहीसं होत नाही. ते जागा बदलतं. म्हणून रस्ता बंद करताना पहिला हिशेब हा, की ओझं कुणाच्या खांद्यावर गेलं? रविवारी सकाळी रस्ता मोकळा केला की रिक्षावाल्याचं भाडं बुडतं. गाडीवर वडापाव विकणाऱ्याला 'आज कार्यक्रम आहे, हलव' म्हणून हाकललं जातं, आणि त्याच्या जागी प्रायोजकाचा स्टॉल येतो. डायलिसिसला निघालेल्या माणसाला वळसा पडतो. शेजारच्या गल्लीत राहणाऱ्यांच्या दारात सगळी वाहतूक वळवली जाते. आणि मोकळ्या रस्त्यावर चालायला कोण येतं? बहुधा मोटार दोन गल्ल्या पलीकडे लावून, पायात चांगले बूट घालून आलेली मंडळी. जो माणूस रोज पायी चालतो, नाइलाजाने चालतो, तो रविवारी सकाळी एकतर कामावर असतो, नाहीतर झोपलेला असतो. त्याला 'चालण्याचा आनंद' या घोषणेचं हसू येईल.

आम्ही कुणावर टोमणा मारत नाही आहोत. बूट घालून आलेल्यालाही रस्त्याचा हक्क आहे. पण रस्ता कुणासाठी मोकळा होतो हा प्रश्न या देशात साधा कधीच नव्हता. ३० मार्च १९२४ रोजी केरळात वायकोम इथं सत्याग्रह सुरू झाला तो देवळात शिरण्यासाठी नव्हता. देवळाभोवतीच्या रस्त्यांवरून चालता यावं एवढ्यासाठी होता. वीस महिने चालला. शेवटी, नोव्हेंबर १९२५ मध्ये, तीन बाजूंचे रस्ते खुले झाले, पूर्वेचा तसाच राहिला. आणि आपल्या जिल्ह्यातलं महाड. चवदार तळं सर्वांना खुलं असल्याचा ठराव महाड नगरपालिकेच्या कागदावर आधीच होता. पण २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि परिषदेला आलेले लोक गावातल्या रस्त्याने मिरवणुकीने तळ्याकडे चालत गेले, तेव्हा त्या कागदात जीव आला. नंतर त्याच गावात त्या लोकांवर हल्लेही झाले. कागदावर खुलं असणं आणि पायाखाली खुलं असणं यातलं अंतर महाडने आपल्याला शिकवलं. त्यामुळे 'रस्ता सर्वांना खुला आहे' हे वाक्य कुणी सहज उच्चारलं की आम्ही विचारतो, सर्वांना म्हणजे कुणाकुणाला? नावानिशी सांगा. अंध माणूस येतो का? व्हीलचेअर चढते का? एकटी मुलगी उगाच उभी राहू शकते का, कुणी 'काय पाहिजे?' असं न विचारता?

तिसरा प्रश्न, कुणाला विचारून? कायदा याबाबत काय म्हणतो ते पाहू, कारण 'परवानगी मिळत नाही हो' ही तक्रार नेहमी ऐकू येते. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ११५. सार्वजनिक सुरक्षितता किंवा सोय यांसाठी एखाद्या भागात किंवा रस्त्यावर मोटारवाहनांना मनाई करण्याचा किंवा निर्बंध घालण्याचा अधिकार राज्य सरकारला आणि त्याने नेमलेल्या अधिकाऱ्याला आहे. मनाई एक महिन्याहून जास्त नसेल तर राजपत्रात प्रसिद्ध करण्याचीही गरज नाही, स्थानिक पातळीवर पुरेशी प्रसिद्धी दिली की झालं. म्हणजे अधिकार आहे आणि तो वापरलाही जातो. दरवर्षी गणपतीत मुंबई-गोवा महामार्गावर अवजड वाहनांना काही दिवस बंदी असते, हे पनवेलकरांना सांगायला नको. मोटारींची सोय व्हावी म्हणून महामार्गावरून ट्रक हटवता येतात. मग पायी माणसाची सोय व्हावी म्हणून बाजारातल्या एका रस्त्यावरून मोटारी हटवता येणार नाहीत, हे म्हणणं कायद्याचं नाही. ते सवयीचं आहे.

दुसरा दाखला १९७२ सालचा, सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाचा, हिंमतलाल शहा विरुद्ध अहमदाबादचे पोलीस आयुक्त. रस्त्यावर सभा घेण्याचा प्रश्न होता. न्यायालयाचा आशय असा, की सरकार सभांचं नियमन करू शकतं, पण सगळेच रस्ते सभांना बंद करून टाकू शकत नाही, आणि परवानगी देणं-न देणं अधिकाऱ्याच्या बेलगाम मर्जीवरही सोडू शकत नाही. म्हणजे आपल्या राज्यघटनेच्या लेखी रस्ता हा केवळ जाण्यासाठी नाही. तिथं जमणं हाही नागरिकाचा व्यवहार आहे.

पण अधिकार आहे म्हणून वरून हुकूम काढावा का? इथं दोन्ही बाजूंचं भान हवं. आपल्याकडे रस्ता अडवण्याची परंपरा कमी नाही. १८९३ पासूनचा सार्वजनिक गणेशोत्सव आहे, १९९९ पासून डोंबिवलीने रुजवलेली आणि मग गावोगावी पसरलेली गुढीपाडव्याची स्वागतयात्रा आहे, आषाढीच्या पालख्या आहेत. वारीसाठी पुण्याचे रस्ते थांबतात तेव्हा फारसं कुणी कुरकुरत नाही, कारण ती वाट वारकऱ्यांची आहे हे डांबर पडण्याआधीपासून सर्वांना ठाऊक आहे. तिथं स्टेज नाही आणि चालणाऱ्याला बघ्या व्हावं लागत नाही. पण दुसरं टोकही आहेच. दहा दिवसांसाठी उभारलेला मंडप पंधरा दिवस रस्त्यात राहतो, ध्वनिवर्धकांनी शेजारच्या आजाऱ्याची झोप जाते. मुंबई उच्च न्यायालयाला २०१६ साली आवाज आणि रस्त्यातले मंडप यांवर सविस्तर निकाल द्यावा लागला. म्हणजे गर्दीने रस्ता ताब्यात घेतला की तो आपोआप लोकांचा होतो असं नाही. एका गटाचा होतो. मोटारींकडून काढून मंडळाच्या ताब्यात दिला, तर पायी माणसाच्या हाती काय आलं?

बोगोटाने यावर एक उत्तर शोधलं ते सांगण्यासारखं आहे. फेब्रुवारी २००० मध्ये तिथं एक दिवस संपूर्ण शहरात खासगी मोटारी बंद ठेवल्या गेल्या. विरोध झाला. मग त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये लोकांचं मत घेतलं गेलं, आणि लोकांनी दरवर्षी असा दिवस पाळायला मान्यता दिली. मतदान झाल्यामुळे तो दिवस महापौराच्या मर्जीचा राहिला नाही, शहराचा झाला. आपल्या उपक्रमांचं दुखणं नेमकं इथं आहे. ते कुणाच्या तरी उत्साहावर उभे असतात. अधिकारी बदलतो, बदली होते, निवृत्ती येते, आणि उपक्रम 'पूर्वी होत असे' या वाक्यात जाऊन बसतो. मेहेरबानी म्हणून मिळालेली गोष्ट परत घेता येते, हक्क म्हणून मिळालेली घेताना कारण द्यावं लागतं.

व्यापाऱ्यांचा विरोध हा मोठा मुद्दा. तो थट्टेवारी नेऊ नये. दुकानदाराचं भाडं, पगार, हप्ते महिन्याच्या महिन्याला ठरलेले असतात, गिऱ्हाईक मात्र ठरलेलं नसतं. गाडी दारात लागली नाही तर गिऱ्हाईक मॉलमध्ये जाईल ही त्याची भीती खरी आहे. तिला भाषणाने उत्तर देता येत नाही, हिशेबाने देता येतं. दिल्लीच्या चांदनी चौकात २०२१ पासून मुख्य रस्त्यावर सकाळी नऊ ते रात्री नऊ मोटारवाहनांना मनाई आहे. तिथं सारं सुरळीत आहे असा आमचा दावा नाही. पण देशातल्या एका जुन्या, दाट बाजाराने हे करून पाहिलं, एवढं तरी त्यातून दिसतं. दुकानदाराला विचारायचं ते असं: तुमच्या दारात आज किती मोटारी थांबतात आणि किती पावलं थांबतात? आपल्याकडे वाहनांची मोजणी होते. पावलांची कुणी करत नाही. आणि जे मोजलं जात नाही ते अंदाजपत्रकात येत नाही.

फ्रेंच तत्त्वज्ञ आंरी लफेव्र याने १९६८ साली 'शहरावरचा हक्क' ही कल्पना मांडली. शहर ही वापरायला मिळालेली वस्तू नसून तिथं राहणारे ती रोज मिळून घडवतात, म्हणून घडवण्यात त्यांना वाटा हवा, असं ढोबळमानाने तिचं सार सांगता येईल. हॅना आरेंट या विदुषीने सार्वजनिक जगाला टेबलाची उपमा दिली आहे. टेबल भोवती बसलेल्यांना जोडतं आणि त्यांच्यात अंतरही राखतं. आम्हाला रस्ता हे आपलं टेबल वाटतं. वेगवेगळ्या जातींची, उत्पन्नांची, वयांची माणसं एकमेकांना न ठरवता जिथं दिसतात अशा जागा आता किती उरल्या? संकुलाला फाटक आहे, मॉलला पहारेकरी आहे, बागेला वेळ आहे. रस्ता उरला, आणि तिथं आपण एकमेकांना काचेआडून पाहतो.

आता नुसती टीका करून आम्ही निघून गेलो तर तुम्ही म्हणाल, प्रोफेसरसाहेबांना बोलायला काय जातं! म्हणून पनवेलपुरती एक सूचना, वादासाठी मांडतो. असा उपक्रम करायचाच झाला तर मोह होईल तो सिडकोच्या रुंद रस्त्यावर करण्याचा. सोपा आहे, फोटो चांगले येतात. पण तिथं गरज कमी आहे. तो जुन्या पनवेलमध्ये, बाजारातल्या एखाद्या अरुंद रस्त्यावर करावा, जिथं माणूस रोज आरशाचा धक्का खात चालतो. लांबी थोडी ठेवावी, पण खंड पाडू नये. दिवाळीपासून पाडव्यापर्यंत दर रविवारी, ठरलेले चार तास. वर्षातून एक झगमगाट करण्यापेक्षा हे वीस साधे रविवार मोलाचे. स्टेज नको, ध्वनिवर्धक नको, उद्घाटन नको. बाकड्यांची सोय हवी, पाण्याची आणि स्वच्छतागृहाची हवी. फेरीवाला जिथं आहे तिथंच राहावा, त्याच्याकडून जागेचं जादा भाडं घेऊ नये. रुग्णवाहिका आणि अपंगांचं वाहन यांच्यासाठी मधली पट्टी कायम मोकळी. रिक्षांना दोन्ही टोकांना थांबे आखून द्यावेत, म्हणजे त्यांचं भाडं बुडण्याऐवजी वाढेल. कोपऱ्यावर कॉलेजची मुलं बसवून पावलं मोजावीत, दुकानदारांना त्यांच्या विक्रीची नोंद ठेवायला सांगावी. आणि शेवटी प्रभागाची उघडी सभा घेऊन, आकडे समोर ठेवून विचारावं, की पुढं काय? लोक नको म्हणाले तर थांबवावं. होय म्हणाले तर रविवारचा एखादा तुकडा सोमवारात न्यावा. शाळा सुटण्याची वेळ घ्या, संध्याकाळची बाजाराची वेळ घ्या.

यावर कुणी म्हणेल, एवढ्याशा गोष्टीसाठी एवढं तत्त्वज्ञान कशाला? आमचं उत्तर असं, की मोठी तत्त्वं एवढ्याशाच गोष्टींत राहतात. समता, स्वातंत्र्य, बंधुता हे शब्द राज्यघटनेच्या उद्देशिकेत आहेत. पण एका चौकात, सिग्नल नसताना, मोटारवाला पायी बाईला 'आधी तुम्ही जा' म्हणून थांबतो की हॉर्न वाजवतो, तिथं त्यांची रोजची परीक्षा होते. रस्ता काही तास मोकळा करणं ही त्या परीक्षेची तयारी झाली. परीक्षा सोमवारीच असते.

संयोजकांनी प्रश्नांसाठी अर्धा तास राखला आहे. बाजारपेठेतली काही मंडळी आज सभागृहात आहेत असं कळलं. आमची विनंती आहे की पहिला प्रश्न त्यांनी विचारावा, आणि तो विरोधाचा असला तरी मोकळेपणाने विचारावा.